वकीलबाईंना विचारा : बंदुकीची नळी कापायची आहे

मागच्या अंकात निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या शेतीसंरक्षण बंदुकांबद्दल लिहिलं होतं. ‘माकडं आचारसंहिता पाळत नाहीत’ ही एका बागायतदाराची तक्रार त्यात होती. त्यावर टपाल भरपूर आलं, पण बऱ्याच जणांना विचारायचं होतं ते वेगळंच : बंदूक आखूड केली तर चालते का? कुणाची ठासणीची, कुणाची रायफल, कुणाच्या आजोबांची दुनळी. म्हणून या वेळी नळीचंच बोलू. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं काढली आहेत. नावं का काढली, ते उत्तरं वाचताना कळेल.

प्रश्न : वकीलबाई, नमस्कार. कुडाळ तालुक्यात आमची काजूची बाग आणि थोडी भातशेती आहे. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षण परवाना आणि ठासणीची बंदूक. वडील आता बहात्तरचे, बंदूक हल्ली मीच घेऊन जातो. गेल्या पावसाळ्यात ती माळ्यावर राहिली आणि नळीचं तोंड गंजून फुगल्यासारखं झालंय. गावचे लोहार म्हणतात, पुढची चार बोटं काढून टाकू, नव्यासारखी होईल, शिवाय झाळीत फिरवायला हलकी पडेल. मित्राने मोबाइलवर शोधून सांगितलं की कायद्यात वीस इंचांची मर्यादा आहे. आमची नळी कापूनही त्याच्या खूप वर राहते. मग हरकत नसावी ना?

उत्तर : हरकत आहे. लोहारदादांना आजच निरोप द्या की करवत खाली ठेवा.

तुमच्या मित्राने वाचलं ते खोटं नाही, पण त्याने वाचलं कलम १३ आणि तुम्हाला लागू होणार कलम ६. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये वीस इंचांचा उल्लेख आहे, तो परवाना कुठल्या बंदुकीला द्यायचा यासाठी. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची, म्हणजे आत आटे नसलेली बंदूक मागितली, तर तिची नळी वीस इंचांपेक्षा कमी नसावी. आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर तिचाही परवाना द्यावा, असं ते कलम सांगतं. हे सगळं अर्जाच्या टेबलावरचं बोलणं आहे. एकदा घरात आलेल्या बंदुकीची नळी वीस इंचांपर्यंत कापायला मोकळीक आहे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

कापण्याबद्दल बोलतं ते कलम ६. त्यात इंच नाही, सेंटिमीटर नाही, ‘फार’ नाही आणि ‘थोडी’ही नाही. त्यासाठीचा वेगळा परवाना असल्याशिवाय कुणीही बंदुकीची नळी आखूड करायची नाही, एवढंच. चाळीस इंचांची अडतीस केली तरी ते कलम लागतं. तुमच्या वडिलांकडे आहे तो बंदूक बाळगण्याचा परवाना. कापण्याचा परवाना निराळा, आणि तो मी आजवर एकाही शेतकऱ्याच्या हातात पाहिलेला नाही.

आता शिक्षा. २०१९ पर्यंत या गुन्ह्याला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं होती. १४ डिसेंबर २०१९ पासून सुधारणा लागू झाली आणि कलम २५(१) नुसार ती कमीत कमी ७ वर्षं ते जन्मठेप, वर दंड, अशी झाली. बेकायदा कट्ट्यांचे कारखाने चालवणारे आणि काजूच्या बागेतली गंजकी नळी कापणारा, दोघे एकाच पोटकलमात बसतात. हे बरोबर आहे का, असं मला विचाराल तर नाही. विनापरवाना बंदूक बाळगण्याच्या साध्या गुन्ह्यात न्यायाधीशांना खास कारणं नोंदवून किमान शिक्षेच्या खाली जाता येतं. इथे ती खिडकी ठेवलेलीच नाही. खटला सत्र न्यायालयात चालतो आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. माणूस भला आहे, शेती खरी आहे, माकडं खरी आहेत, हे सगळं न्यायाधीशांना पटलं तरी सातच्या खाली उतरायला वाट नाही.

लोहारदादांचंही ऐका. बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, तपासणं हे कलम ५ खाली परवान्याचं काम आहे. कोयते, विळे, पावडे धरणाऱ्या भट्टीला तो परवाना नसतो. सुधारणेच्या आधीचं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. शेतकऱ्याने निवडणुकीआधी बंदूक ठाण्यात जमा करायला नेली आणि नोंद घेणाऱ्या हवालदाराला नळीचं तोंड पांढरं, चकचकीत दिसलं. बाकी बंदूक काळी आणि तोंड तेवढं नवं. त्याने विचारलं, यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. संध्याकाळी लोहाराकडे पंच गेले. कापलेला तुकडा त्याने फेकलाही नव्हता, भात्यापाशी फुंकणी म्हणून वापरात होता. पंचनाम्यात तो ‘लोखंडी नळीचा तुकडा’ म्हणून आला आणि बंदुकीसोबत कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला. लोहार आरोपी क्रमांक दोन. त्याला शेवटपर्यंत कळत नव्हतं की कोयत्याला पाणी देणं आणि हे, यात फरक काय.

कायदा नळीच्या लांबीवर एवढा का अडतो, तेही सांगते. खांद्यावर लांब बंदूक टाकून माणूस पाणंदीतून निघाला की वाडीभर कळतं. आखूड केलेली बंदूक शर्टाखाली, पिशवीत, गाडीच्या डिकीत मावते. पीक राखायला ती लपवावी लागत नाही. लपवावीशी वाटते ती दुसऱ्याच कामासाठी, असा कायद्याचा संशय आहे. तुमच्यावर तो लागू नसेल, पण कलम तुम्हाला बघून लिहिलेलं नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे ती बंदूक ठासू नका. तोंड फुगलंय म्हणजे आतला पत्रा कुठपर्यंत खाल्ला गेलाय ते डोळ्यांनी कळत नाही. दुसरं, वडिलांच्या सहीने जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला अर्ज द्या : नळी नादुरुस्त आहे, परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे तपासायला न्यायची आहे. ती तुम्ही घेऊन जाणार असाल तर वडिलांचं लेखी अधिकारपत्र खिशात हवं. कलम ३ मध्ये एवढी सोय आहे की परवानाधारकाच्या समोर, किंवा त्याच्या लेखी परवानगीने दुरुस्तीसाठी वा नूतनीकरणासाठी, दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो. ‘हल्ली मीच घेऊन जातो’ हे मात्र त्यात बसत नाही. ते वाक्य तुम्ही मला लिहिलंत, ठाण्यात बोलू नका असं मी वकील म्हणून सांगेन; आणि करूच नका, असं शेजारीण म्हणून.

नवी नळी तेवढी आणून बसवू, असाही विचार मनात येईल. कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही ‘अग्निशस्त्र’च आहेत, त्यामुळे नळी बाजारात उचलून आणायची वस्तू नाही. परवानाधारक विक्रेत्यामार्फत आणि परवान्यावर नोंद होऊनच.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत सरळ वाटतो. वडिलांचं वय सत्तरच्या पुढे आहे. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये सोय आहे की परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने बंदूक २५ वर्षं बाळगली, तर हयातीतच ती वारसाच्या नावे करता येते. भावंडांची ना-हरकत जोडा, तुमची पोलीस पडताळणी होईल. त्याच वेळी ही ठासणीची निकामी झाल्याचं दाखवून दुसरी मागा. कलम १३ मध्येच पुढे म्हटलंय की ठासणीची बंदूक पीकरक्षणाला पुरत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करता येते, अर्थात वीस इंचांहून आखूड नसलेली. झाळीत वजनाची अडचण होते म्हणता ना, एकनळी बारा बोर (बोर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप) हाताळायला सुटसुटीत. आणि परवाना पीक राखायचा आहे, डुक्कर मारायचा नाही. त्यासाठी वनखात्याचा वेगळा कागद लागतो. त्यावर पुन्हा कधीतरी.

प्रश्न : मॅडम, जयहिंद. मी सातारा जिल्ह्यातला, पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त. एका कारखान्यावर सुरक्षेचं काम करतो. माझी स्वतःची ३१५ बोर रायफल आहे, परवाना चालू आहे. मोटारसायकलवर आणि जीपमध्ये तिची नळी अडचणीची होते. फौजेत आम्ही आखूड कार्बाइन वापरल्या, त्यातही नळी छोटीच असते. शस्त्राची मला पूर्ण माहिती आहे, काम चांगल्या फिटरकडून करून घेईन. तुम्ही मागे लिहिलेली वीस इंचांची अट रायफलला नाही, असं एका विक्रेत्याने सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : जयहिंद, सुभेदारसाहेब. विक्रेत्याने सांगितलं ते अर्धं खरं, आणि असल्या अर्ध्या खऱ्यावर माणसं आत जातात. वीस इंचांची अट गुळगुळीत नळीच्या बंदुकांची आहे, आटे असलेल्या रायफलची नाही, हे बरोबर. पण कलम ६ ‘अग्निशस्त्राची नळी’ म्हणतं. त्यात ठासणीची, बारा बोर, तुमची रायफल, सगळी आली. अट नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. अट नसली तरी मनाई आहेच.

फौजेतल्या कार्बाइनशी तुलना करू नका. ती हत्यारं सरकारची होती आणि कलम ४५ प्रमाणे सरकारी कामातल्या सरकारी हत्यारांना हा कायदा लागत नाही. शिवाय ती आखूड नळीसाठीच आखलेली आणि चाचणी घेतलेली असतात. तुमची रायफल तशी नाही. ती ३१५ का आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल : लष्करी ३०३ ची गोळी ज्या नळीत बसते ती नागरिकांना मनाईच्या बोरमध्ये जाते, म्हणून इशापूरच्या कारखान्याने नागरी बाजारासाठी वेगळ्या काडतुसाची रायफल काढली. म्हणजे तुमच्या हातातलं हत्यार मुळातच कायद्याने आखून दिलेल्या चौकटीत जन्मलेलं आहे. ती चौकट फिटरच्या दुकानात बदलत नाही.

२०१९ च्या सुधारणेने कलम ६ मध्ये आणखी एक वाक्य घातलं. शस्त्र नियमांतल्या एका वर्गातलं हत्यार दुसऱ्या वर्गात बदलणं, हेही आता तिथेच. नळी, दस्ता, यंत्रणा यांत हात घालून हत्याराची जातच पालटली, तर तेही सात वर्षांचंच प्रकरण. ‘फक्त दस्ता कापतो’ असं म्हणणाऱ्या एका गृहस्थांनाही मी हेच सांगितलं होतं : दस्ता म्हणजे नळी नव्हे हे मान्य, पण आधी शस्त्र शाखेचा कागद घ्या, मग सुताराकडे जा.

तुमची खरी अडचण वाहनाची आहे. रायफल रिकामी करून म्यानात, काडतुसं वेगळी, जीपमध्ये मागे आडवी. मोटारसायकलवर नेणं टाळलंत तर उत्तम, कारखान्यात शस्त्रागाराची खोली असेल तर तिथेच नोंद करून ठेवा. रायफल नकोशीच झाली असेल तर विका. वैयक्तिक हत्यार विकायचं तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. पूर्वी तीन हत्यारं ठेवता येत होती, आता दोनच. एक कमी झालं की दुसऱ्यासाठी जागा होते. ‘काम चांगल्या फिटरकडून करून घेईन’ या वाक्याने मला जास्त काळजी वाटली. फिटर जितका चांगला तितकं काम सफाईदार, आणि सफाईदार काम न्यायालयात अनवधान म्हणून खपत नाही.

प्रश्न : ताई, मी मूळची डोंबिवलीची, आता ह्यूस्टनजवळ असते. नवरा एच-वन-बी वर आहे. त्याचे ऑफिसातले मित्र रानडुकरांच्या शिकारीला जातात, आता यालाही रायफल घ्यायची आहे. एक मित्र म्हणतो नळी कापून चौदा इंचांची करू, इथे सगळं चालतं. भारतात एवढा कडक कायदा आणि इथे खरंच काहीच नाही?

उत्तर : अमेरिकेचा कायदा माझा रोजचा नाही, तिथला वकील गाठाच. पण ‘सगळं चालतं’ हे मात्र नक्की खोटं. तिथे आपल्यासारखी कापण्यावर सरसकट मनाई नाही, तिथे फूटपट्टीच आहे, आणि ती संघराज्याची आहे. १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट, टोळीयुद्धांच्या काळातला. आज रायफलची नळी १६ इंचांखाली, शॉटगनची १८ इंचांखाली गेली, किंवा अशा हत्याराची एकूण लांबी २६ इंचांखाली गेली, की ते नोंदणीच्या खास यादीत जातं. तुमच्या नवऱ्याच्या मित्राची चौदा इंचांची रायफल अगदी त्या रेषेच्या आत पडते. ती बनवायची असेल तर आधी एटीएफ या खात्याकडे अर्ज, बोटांचे ठसे, मंजुरी, आणि मग करवत. उलट क्रमाने केलं तर दहा वर्षांपर्यंत कैद. असं हत्यार बनवण्यावरच्या ज्या २०० डॉलरच्या कराबद्दल मित्र बोलत असतील तो १९३४ पासून तेवढाच राहिला होता आणि १ जानेवारी २०२६ पासून अशा रायफलींसाठी शून्य झाला. ‘कर गेला’ म्हणजे ‘नोंदणी गेली’ असं काहींनी करून घेतलंय. नोंदणी आहे तशीच आहे. शिवाय प्रत्येक राज्याचं वेगळं.

इंचांवरून तिथे काय घडू शकतं याचं उदाहरण आयडाहो राज्यातलं रूबी रिज. रँडी वीव्हर नावाच्या माणसाने दोन कापलेल्या शॉटगन सरकारी खबऱ्याला विकल्या असा आरोप होता. तो न्यायालयात हजर झाला नाही, आणि १९९२ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या डोंगरावरच्या घराला वेढा पडला. त्याची बायको, चौदा वर्षांचा मुलगा आणि एक मार्शल, म्हणजे संघराज्याचा पोलीस अधिकारी, मारले गेले. पुढे ज्यूरीने त्याला हत्यारांच्या आरोपातून निर्दोष सोडलं. सरकारच्या वागण्यावर तिथे अजून वाद चालतो, पण सुरुवात नळीच्या लांबीवरूनच झाली होती.

तुम्ही मात्र विचारलंच नाहीत असा एक मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो : व्हिसा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथे हत्यार किंवा गोळ्या बाळगायला मुळात बंदी आहे. काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. तो हातात नसताना मित्राची रायफल ‘जरा धरली’ तरी अडचण. आणि हत्याराच्या कायद्याखाली दोषी ठरलं की देशाबाहेर घालवण्याचं ते स्वतंत्र कारण होतं. ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असलेला माणूस डुकराच्या मागे लागून रांगेबाहेर पडेल. शिकारीला जायचंच असेल तर आधी इमिग्रेशनचा वकील, मग शिकार परवाना, मग दुकानातली आहे त्या लांबीची रायफल. आणि सुट्टीत येताना ती डोंबिवलीला दाखवायला आणायचा विचारही नको.

इंग्लंडमधल्या एका वाचकानेही असंच विचारलंय, त्यांना इथेच सांगते : तिथे शॉटगनची नळी २४ इंचांखाली कापणं हाच १९६८ च्या कायद्यात गुन्हा आहे.

प्रश्न : आदरणीय वकीलबाई, भोर तालुक्यात आमचा जुना वाडा आहे. पाडण्यापूर्वी माळा रिकामा करताना धान्याच्या कणगीमागे कापडात गुंडाळलेली दुनळी बंदूक सापडली. आजोबांची असावी, ते १९८४ साली गेले. परवाना घरात कुठेही नाही. नळ्या कापलेल्या आहेत, टेपने मोजल्या तर जेमतेम पंधरा इंच. घरात दोन मतं आहेत : काका म्हणतात विहिरीत टाका, चुलतभाऊ म्हणतो अँटिक आहे, पुण्यात चांगली किंमत येईल. मी काय करू?

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. आणि कृपा करून पुन्हा टेप लावायला जाऊ नका. तिला हात लावू नका, चाप ओढून पाहू नका, आत काही भरलेलं आहे का तेही तुम्ही बघायचं नाही. खोलीला कुलूप.

तुमच्या आजोबांनी नळी कापली असेल तर त्यांच्यावर आता काही होणार नाही, आणि तुम्ही ती कापलेली नाही, म्हणून कलम ६ चा गुन्हा तुमचा नाही. नळी कधी कापली ते तर आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. शस्त्र अधिनियमच मुळी १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. घडलं तेव्हा जी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त शिक्षा मागून देता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्येच आहे. त्यामुळे ‘सात वर्षं ते जन्मठेप’ ऐकून घाबरू नका.

तुमचा प्रश्न ताब्याचा आहे. माळ्यावर काय आहे हे माहीतच नव्हतं तोवर तो ताबा जाणीवपूर्वक नव्हता. १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की ताब्यात जाणीव असावी लागते. पण आता तुम्हाला माहीत आहे. आजपासून तुम्ही जे कराल किंवा करणार नाही, त्याचा जाब तुम्हाला. विनापरवाना ताब्याला आज २ ते ५ वर्षं आहेत. शिवाय वीस इंचांहून आखूड गुळगुळीत नळी शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत वेगळ्या, वरच्या वर्गात जाते. तिचा परवाना देणं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात राहत नाही, ते केंद्रीय गृहखात्याकडे जातं. म्हणून ‘वारसाहक्काने माझ्या नावावर करून घेते’ हा मार्ग लांबीची शाबूत दुनळी असती तर होता, हिच्यासाठी मी तो सुचवणार नाही.

विहिरीत टाकली आणि उद्या गाळ काढताना वर आली, तर पुरावा लपवल्याचा संशय तुमच्यावरच येणार. चुलतभावाला सांगा, अँटिक म्हणून सूट आहे ती कलम ४५ मध्ये, आणि ती जुन्या घडणीच्या किंवा मोडक्या अशा हत्यारांना आहे, जी दुरुस्त करूनही वापरता येणार नाहीत. दुनळी बारा बोरची काडतुसं आजही बनतात. घोडे चालत असतील तर ती अँटिक नव्हे. शिवाय विनापरवाना विक्री हा पुन्हा कलम ५ चा, सात वर्षांवाला गुन्हा.

करायचं ते असं. माझ्याकडे नको, भोरमधलाच एखादा वकील गाठा. त्यांच्यासोबत दोन प्रतींत अर्ज लिहा : अमुक दिवशी, वाडा रिकामा करताना, अमुक साक्षीदारांसमोर हे हत्यार सापडलं, आजोबांच्या मृत्यूचा दाखला जोडला आहे, कलम २१ प्रमाणे जमा करायचं आहे. तुम्ही बंदूक घेऊन ठाण्यात जायचं नाही. अर्ज घेऊन जायचं, पोहोच घ्यायची आणि पंचनामा करून घेऊन जा म्हणायचं. पिशवीत घालून एसटीने ठाण्यात नेणारे लोक मी पाहिले आहेत, वाटेत कुणी पिशवी उघडली असती तर हेतू कसा सिद्ध केला असता? आजोबांचा परवाना जुन्या नोंदवहीत सापडतो का, याची चौकशी परवाना शाखेत जरूर करा. त्यांच्या नावावर दुनळी चढलेली निघाली तर तुमची बाजू फारच सोपी होते. त्या वहीतला क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते पोलीस बघतील. क्रमांक घासून काढलेला असेल तर तेही त्यांनाच लिहू द्या, तुम्ही पॉलिश करू नका.

काकांना नम्र नमस्कार सांगा. जमा केल्याने घराण्याची बदनामी होत नाही. पंचनाम्याच्या वेळी ओसरीवर चहा ठेवा, हवालदारही माणसंच असतात.

प्रश्न : आम्ही चिपळूणची हौशी नाट्यसंस्था. नाटकात गोळी झाडण्याचा प्रसंग आहे. आमच्याकडे हुबेहूब दिसणारं धातूचं नकली पिस्तूल आहे, पण आवाज येत नाही. लेथवाला म्हणतो, बंद नळी मोकळी करून देतो, मग त्यातून खराच बार निघेल. नकलीच आहे, म्हणून विचारतो.

उत्तर : नकलीचंही त्याच कलमात आहे. कलम ६ नळी आखूड करण्यासोबत ‘नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर’ यालाही मनाई करतं, आणि नकली म्हणजे काय तेही सांगून ठेवतं : बंदुकीसारखी दिसणारी कुठलीही वस्तू, तिच्यातून गोळी सुटो वा न सुटो. शिक्षा वरचीच. लेथवाल्याला पैसे दिले असतील तर परत मागा. विंगेत पत्र्याच्या डब्यावर फळी आपटा. किंवा ध्वनिमुद्रण लावा, पण ते लावणाऱ्या पोराला तालमीला बोलवा. मागच्या स्पर्धेत एका संस्थेचा नायक पडून झाल्यावर गोळी सुटली होती.